घरचं पॅकेज कोठार: बेळगावातल्या छोट्या टीमने खाजगी रजिस्ट्री कशी उभारावी

आमचं ऑफिस टिळकवाडीत, माणसं सहा. गिऱ्हाईक बहुतेक उद्यमबागेतलं: फाउंड्रीवाले, मशीन शॉपवाले, हायड्रॉलिकचे सुटे भाग करणारे. जुलैतल्या एका सोमवारी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलं आणि नेमकं त्याच वेळी एका फाउंड्रीतून फोन आला, की बिलावर अक्षरी रक्कम चुकीची छापली जातेय आणि गाडी गेटवर उभी आहे. दुरुस्ती दोन ओळींची होती. कोड आमच्याच ऑफिसातल्या गिट सर्व्हरवर होता. पण ते काम ज्याच्याकडे होतं त्या खानापूरच्या मुलाला शनिवारीच नवा लॅपटॉप मिळाला होता. तो म्हणाला, "दादा, कोड आहे की सगळा, पण इन्स्टॉल होईना झालंय."

होणार कसं? आपला कोड घरात असला, तरी तो ज्या शेकडो पॅकेजेसवर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्यांवर, उभा असतो ती सगळी बाहेर असतात. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून त्या दिवशी काम भागवलं. मग दुसरी गोष्ट समोर आली. रक्कम अक्षरात लिहिणारं 'रक्कम-अक्षरी' नावाचं आमचं स्वतःचं छोटं पॅकेज आहे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ते १२५ चं 'एकशे पंचवीस', 'नूर इप्पत्तैदु' वगैरे करून देतं. झिप करून, पेन ड्राइव्हवरून, व्हॉट्सअॅपवरून फिरत फिरत त्याच्या चार प्रोजेक्टांत चार प्रती झाल्या होत्या. पैशांची दुरुस्ती दोन प्रतींत होती, दोनांत नव्हती.

या दोन्ही दुखण्यांवर औषध एकच: ऑफिसात स्वतःची पॅकेज रजिस्ट्री. ती आपली खाजगी पॅकेजेस सांभाळते आणि बाहेरून एकदा आणलेल्या पॅकेजेसची प्रतही ठेवते. एक जुना डेस्कटॉप आणि एक दिवस एवढ्यात ती उभी राहते. आम्ही ती कशी उभारली आणि कुठे अडलो, ते इथे क्रमाने सांगतो. कमांड आणि सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची.

आधी ठरवा: खरंच गरज आहे का?

दोघंच काम करत असाल आणि सामायिक पॅकेज एकच असेल, तर रजिस्ट्री नको. ते पॅकेज गिट रिपॉझिटरीत ठेवा, प्रत्येक आवृत्तीला टॅग द्या आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी असलेली फाइल) गिटचा पत्ता टॅगसकट लिहा. ब्रँचचं नाव मात्र लिहू नका. ब्रँच रोज पुढे सरकते, त्यामुळे आज इन्स्टॉल केलेलं आणि उद्या इन्स्टॉल केलेलं एकसारखं असेल याची खात्री राहत नाही.

कोड गिटलॅब किंवा गिटहबवर असेल तर तिथेच पॅकेज रजिस्ट्रीची सोय आहे. स्वतः चालवायच्या गिटीमध्येही १.१७ या आवृत्तीपासून ती आली. मोठ्या कंपन्या नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी वापरतात. त्यात जावापासून डॉकरपर्यंत सगळे प्रकार सांभाळता येतात, पण त्यांना मेमरी भरपूर लागते आणि देखभालीला माणूस लागतो.

आमचं बहुतेक काम जावास्क्रिप्टमध्ये. आम्हाला इंटरनेट नसतानाही चालणारी, जुन्या मशिनवर मावणारी गोष्ट हवी होती, म्हणून व्हर्डाचिओ घेतलं. ते मुक्त स्रोत आहे, नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) चालतं, डेटाबेस मागत नाही. सगळं साध्या फायलींत राहतं. आमच्या मशिनमध्ये चार जीबी मेमरी आहे आणि आजवर कमी पडलेली नाही.

मशीन आणि मांडणी

मशिनवर लिनक्स आणि डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासकट 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) टाका. राउटरमध्ये जाऊन त्या मशिनचा आयपी पत्ता कायमचा बांधून घ्या आणि त्याला एक नाव द्या. हे नाव देणं कुणी टाळू नये, कारण पुढे सांगतो.

व्हर्डाचिओची अधिकृत डॉकर इमेज, म्हणजे कंटेनरचा तयार साचा, घ्या. पोर्ट ४८७३. दोन फोल्डर बाहेरून जोडा: एक कॉन्फिगचा, एक स्टोरेजचा. ते जोडले नाहीत तर कंटेनर नव्याने तयार केला की सगळी पॅकेजेस जातात. इमेजच्या आत व्हर्डाचिओ १०००१ या क्रमांकाच्या युजरने चालतं, त्यामुळे स्टोरेज फोल्डरची मालकी त्या क्रमांकाला द्यावी लागते. नाही दिली तर सर्व्हर चालू दिसतो, पानही उघडतं, पण पहिलंच पॅकेज पब्लिश करताना लिहायची परवानगी नाही म्हणून अडतो.

डॉकर न वापरता थेट चालवणार असाल तर एक लक्षात ठेवा: व्हर्डाचिओ मुळात फक्त त्याच मशिनवरच्या विनंत्या ऐकतं. कॉन्फिगमध्ये 'लिसन' ही ओळ बदलून ०.०.०.०:४८७३ केल्याशिवाय शेजारच्या टेबलावरूनही ते दिसणार नाही.

कॉन्फिग फाइल: इथे घाई नको

सगळा जीव या एका यामल फाइलीत आहे. तीन भाग नीट लावले की झालं.

पहिला भाग, कोण आत येणार. पासवर्ड एचटीपासवर्ड फायलीत राहतात. सुरुवातीला कुणीही नवं खातं काढू शकतं. आपल्या सगळ्यांची खाती काढून झाली की 'मॅक्स युजर्स' उणे एक करा, म्हणजे नोंदणी बंद.

दुसरा भाग, 'अपलिंक्स'. आपल्याकडे नसलेलं पॅकेज कुठून आणायचं ते इथे लिहिलेलं असतं, म्हणजे सार्वजनिक एनपीएम रजिस्ट्री (जावास्क्रिप्ट पॅकेजेसचं जगभराचं कोठार; तिथून पॅकेज आणणाऱ्या कमांडचं नावही एनपीएमच). इथेच 'टाइमआउट' (उत्तराची किती वेळ वाट बघायची) आणि 'मॅक्सएज' आहेत. पॅकेजची माहिती किती वेळ ताजी मानायची ते मॅक्सएज ठरवतो आणि तो मुळात दोनच मिनिटांचा असतो. आम्ही तो अर्धा तास केला आणि टाइमआउट कमी केला. नाहीतर नेट बंद असताना प्रत्येक पॅकेजसाठी सर्व्हर बाहेर हाक मारून वाट बघत बसतो. काम होतं, पण इन्स्टॉल रांगत चालतं.

तिसरा भाग, 'पॅकेजेस', सगळ्यात महत्त्वाचा. कोणत्या नावाचं पॅकेज कोण वाचू शकतं, कोण पब्लिश करू शकतं आणि ते बाहेर शोधायचं की नाही, हे इथे ठरतं. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो आधी जुळतो तो लागू होतो. म्हणून आपल्या खाजगी नावांचा नियम सर्वांत वर हवा.

समजा आपला स्कोप, म्हणजे पॅकेजच्या नावाआधी लागणारं आपलं आडनाव, '@कोठार' आहे. फायलीत तो अर्थातच रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत लिहायचा. त्याच्या नियमात 'अॅक्सेस' आणि 'पब्लिश' फक्त लॉगिन केलेल्यांना द्या, 'अनपब्लिश' एकाच जबाबदार माणसाला द्या, आणि 'प्रॉक्सी' ही ओळ अजिबात लिहू नका. ती ओळ नसली की ही नावं व्हर्डाचिओ कधीच बाहेर शोधत नाही. त्याखाली बाकी सगळ्यांसाठी दोन तारकांचा (म्हणजे कोणत्याही नावाला जुळणारा) नियम ठेवा आणि त्यात मात्र प्रॉक्सी लिहा.

त्या न लिहिलेल्या ओळीचं मोल

फेब्रुवारी २०२१ मध्ये अॅलेक्स बिर्सान नावाच्या सुरक्षा संशोधकाने एक साधी युक्ती जगापुढे मांडली. मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजेसची नावं त्याला इकडेतिकडे सापडली. त्याच नावांची पॅकेजेस त्याने सार्वजनिक रजिस्ट्रीवर मोठा आवृत्ती क्रमांक देऊन टाकली. कंपन्यांच्या बिल्ड यंत्रणांनी, म्हणजे कोडपासून तयार प्रोग्रॅम बनवणाऱ्या सर्व्हरनी, घरचं सोडून बाहेरचं उचललं. अॅपल, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह ३५ हून अधिक कंपन्यांत त्याचा कोड असा शिरला. त्याचा हेतू चांगला होता, त्याने कंपन्यांना कळवलं. पुढच्या वर्षी डिसेंबरअखेर पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या पायथॉन लायब्ररीच्या नाइटली (रोज निघणाऱ्या चाचणी) आवृत्तीबाबत हेच घडलं आणि त्या वेळचं पॅकेज माहिती चोरणारं होतं. त्यांच्या एका अंतर्गत पॅकेजच्या नावाचं खोटं पॅकेज पायपीआय या पायथॉनच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवर टाकलेलं होतं आणि पिप या इन्स्टॉल करणाऱ्या कमांडने ते आधी घेतलं.

म्हणून खाजगी पॅकेजला नुसतं 'युटिल्स' किंवा 'बिल-प्रिंट' असं मोकळं नाव देऊ नका. स्कोप लावाच. आणि तो स्कोप सार्वजनिक एनपीएमवरही आपल्या नावावर करून ठेवा. सार्वजनिक पॅकेजेसपुरती संस्था तिथे फुकट काढता येते. एखाद्याच्या लॅपटॉपवर सेटिंग चुकलं आणि इन्स्टॉल थेट बाहेर गेलं, तरी त्या नावावर दुसरं कुणी बसलेलं नसेल. पाच मिनिटांचं काम आहे, रजिस्ट्री चालू करण्याच्या आधी करा.

प्रत्येकाच्या लॅपटॉपवर

प्रोजेक्टच्या मुळाशी एनपीएमआरसी नावाची फाइल ठेवा, नावाआधी टिंब. तिच्यात 'रजिस्ट्री' म्हणून आपल्या सर्व्हरचा पत्ता लिहा आणि '@कोठार' स्कोपसाठी तोच पत्ता वेगळ्या ओळीतही लिहा. पुढेमागे कुणी मुख्य रजिस्ट्री बदलली, तरी स्कोपची ओळ खाजगी पॅकेजला घरीच वळवेल. ही फाइल गिटमध्ये जाऊ द्या.

टोकन, म्हणजे लॉगिनची गुप्त खूण, मात्र तिच्यात लिहायचं नाही. एनपीएम लॉगिन केलं की ते युजरच्या होम फोल्डरमधल्या फायलीत जातं, तिथेच राहू द्या. बिल्ड सर्व्हरसाठी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वापरा. फायलीत व्हेरिएबलचं नुसतं नाव लिहिता येतं.

आता नावाबद्दल. सुरुवातीला आम्ही सगळीकडे थेट आयपी पत्ता लिहिला होता. काही महिन्यांनी राउटर बदलला, पत्त्यांची मालिका बदलली आणि सगळ्या प्रोजेक्टांचं इन्स्टॉल एकदम अडलं. एनपीएमआरसी दुरुस्त करूनही अडलेलंच. लॉक फाइल (कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ती कुठून आणली याची नोंद) उघडली तेव्हा उलगडा झाला: प्रत्येक पॅकेजखाली 'रिझॉल्व्ड' अशी ओळ असते आणि तिच्यात जुना आयपी जसाच्या तसा होता. एका फायलीत आठशेच्या वर ओळी. लॉक फायलीत सार्वजनिक रजिस्ट्रीचा पत्ता असेल तर एनपीएम तो आपल्या रजिस्ट्रीच्या पत्त्याने आपोआप बदलून घेतं, पण इतर कोणताही पत्ता तसाच ठेवतं. शोधा-बदला करून आम्ही मार्गी लागलो आणि त्याच दिवशी मशिनला नाव दिलं. आता मागचा आयपी बदलला तरी नाव तेच राहतं.

पहिलं पॅकेज पब्लिश करताना

पॅकेज डॉट जेसनमध्ये नाव स्कोपसकट लिहा. 'पब्लिशकॉन्फिग' खाली आपल्या रजिस्ट्रीचा पत्ता लिहा, म्हणजे चुकून दुसऱ्या लॅपटॉपवरून पब्लिश झालं तरी कोड जगापुढे जाणार नाही. जे प्रोजेक्ट पॅकेज म्हणून द्यायचेच नाहीत, उदाहरणार्थ गिऱ्हाईकाचं अख्खं बिलिंग, त्यांत 'प्रायव्हेट' खरं करून ठेवा. एनपीएम मग पब्लिश करूच देत नाही.

पब्लिशच्या आधी एनपीएम पॅक ही कमांड ड्राय-रन लावून चालवा. आत कोणकोणत्या फायली जाणार त्याची यादी येते. ती डोळ्यांखालून घाला. आमच्या पहिल्या यादीत एका फाउंड्रीच्या जुन्या बिलांची एक्सेल फाइल होती, चाचणीसाठी कुणीतरी ठेवलेली. 'फाइल्स' या यादीत फक्त लागणारे फोल्डर लिहिले आणि ती गेली.

मग एनपीएम व्हर्जन, मग एनपीएम पब्लिश. चाचण्या पास झाल्या की बिल्ड सर्व्हरनेच पब्लिश करावं, माणसाच्या लॅपटॉपवरून नको.

आवृत्ती क्रमांकाबद्दल आमच्याकडे वाद झाला होता. रुपये-पैशांची दुरुस्ती केल्यावर एकाचं म्हणणं, एवढ्याशा बदलाला नवा क्रमांक कशाला, तीच आवृत्ती काढून पुन्हा टाकू. मी त्याला उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या पॅटर्न रूममध्ये घेऊन गेलो. तिथे फळ्यांवर लाकडी पॅटर्न मांडलेले, प्रत्येकावर रंगाने नंबर आणि पुढे रिव्हिजनचं अक्षर. एका कोपऱ्याची गोलाई जरा बदलली तरी अक्षर बदलतं आणि नोंद होते. कारण त्या पॅटर्नवरून आधी ओतलेला माल गिऱ्हाईकाकडे गेलेला असतो आणि तक्रार आली तर तो नेमका कशावरून ओतला ते सांगता यावं लागतं. पॅकेजचंही तसंच. एकदा बाहेर पडलेल्या आवृत्तीला हात लावायचा नाही. व्हर्डाचिओ तोच क्रमांक पुन्हा घेत नाही, पण अनपब्लिश करून वाट काढता येते, म्हणून तो अधिकार एकाच माणसाकडे. शिवाय लॉक फायलीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे आतल्या मालावरून काढलेला ठसा, असतो. आतला माल बदलला की बाकीच्यांचं इन्स्टॉल हॅश जुळत नाही म्हणून थांबतं, आणि ते थांबायलाच हवं.

क्रमांकाचा नियम सेमव्हरचा ठेवा: दुरुस्तीला तिसरा आकडा, भर घातली तर दुसरा, जुनं मोडत असेल तर पहिला. पैशांचं राउंडिंग बदललं तेव्हा आम्ही पहिला आकडा वाढवला. कोडमध्ये एकच ओळ बदलली होती, पण गिऱ्हाईकाच्या बिलावरची रक्कम बदलत होती. सदोष आवृत्ती काढून टाकण्याऐवजी ती एनपीएम डेप्रिकेटने बाद ठरवा. इन्स्टॉल करणाऱ्याला इशारा दिसतो आणि जुनं बिल्डही चालू राहतं.

कोठार भरणं

व्हर्डाचिओ फक्त मागितलेलीच पॅकेजेस साठवतं. सर्व्हर उभा केला म्हणून सगळं आपोआप आत येत नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने रजिस्ट्रीवरून काढून घेतलं आणि जगभरात बिल्ड अडले. ज्यांच्याकडे घरची प्रत होती त्यांचं काम चालू राहिलं. आपली प्रत मुद्दाम भरून घ्यावी लागते.

प्रत्येक प्रोजेक्ट नव्या फोल्डरात क्लोन करा, एनपीएमची लॅपटॉपवरची कॅशे (आधी उतरवलेल्या पॅकेजेसचा साठा) साफ करा आणि एनपीएम सीआय चालवा. कॅशे साफ करणं विसरू नका. पॅकेज लॅपटॉपच्या कॅशेत सापडलं तर एनपीएम ते सर्व्हरकडे मागतच नाही, मग सर्व्हरवर ते येणार कुठून? आणि इन्स्टॉलऐवजी सीआय यासाठी, की ते लॉक फाइल तंतोतंत पाळतं, स्वतःहून काही बदलत नाही.

हे काम विंडोजवर एकदा आणि लिनक्सवर एकदा करा. ईएसबिल्डसारखी पॅकेजेस प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी बायनरी वेगळ्या नावाने आणतात. आम्ही फक्त लिनक्सवरून भरलं होतं आणि विंडोजवाला लॅपटॉप नेट बंद होताच अडकला. पपेटिअर, इलेक्ट्रॉन यांसारखी पॅकेजेस मोठी फाइल रजिस्ट्रीबाहेरून वेगळी उतरवतात. त्या फायली व्हर्डाचिओत येत नाहीत, त्या एकदा उतरवून शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा.

मग खरी परीक्षा. राउटरमधून बाहेरच्या लाइनची वायर काढा. ऑफिसातलं नेटवर्क चालू, बाहेरचं जग बंद. रिकाम्या कॅशेच्या लॅपटॉपवर क्लोन, सीआय, बिल्ड. जे पॅकेज अडेल ते लिहून घ्या, वायर लावा, भरा, पुन्हा वायर काढा. आम्हाला तीन फेऱ्या लागल्या. चौथ्या वेळी बिल्ड पूर्ण झालं तेव्हा बाहेर पाऊस होता आणि खानापूरचा तोच मुलगा वायर हातात धरून उभा होता.

उलट बाजूही आहे. नवीन आलेलं प्रत्येक पॅकेज लगेच कोठारात घेणंही बरं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डिबग यांसारख्या रोजच्या वापरातल्या पॅकेजेसच्या आवृत्त्यांत घातक कोड घुसवला गेला. काही तासांतच ते उघडकीला आलं आणि त्या आवृत्त्या काढल्या गेल्या. पीएनपीएम या एनपीएमच्या जागी वापरता येणाऱ्या साधनात १०.१६ या आवृत्तीपासून 'मिनिमम रिलीज एज' हे सेटिंग आहे. ते मिनिटांत लिहायचं. इतका वेळ न झालेली आवृत्ती घेतली जात नाही. आम्ही तीन दिवस ठेवले आहेत, म्हणजे ४३२० मिनिटं.

पायथॉन असेल तर

पायथॉनसाठी डेव्हपीआय बघा, पोर्ट ३१४१. पायपीआयची प्रत ठेवणारा इंडेक्स त्यात तयार असतो, त्याच्यावर आधारलेला आपला इंडेक्स काढायचा आणि त्याचं 'व्होलाटाइल' खोटं करायचं, म्हणजे टाकलेली आवृत्ती बदलता येत नाही. खाजगी इंडेक्समध्ये असलेलं नाव डेव्हपीआय बाहेर शोधत नाही, आणि तेच आपल्याला हवं. पिपला फक्त 'इंडेक्स-यूआरएल' द्या. 'एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल' वापरू नका. ते लावलं की पिप दोन्ही ठिकाणं सारखीच मानतं आणि मोठा आवृत्ती क्रमांक जिथे असेल तिथून उचलतं. पायटॉर्चचं दुखणं हेच होतं.

निपाणी-चिकोडीहून काम करणारे

घरून काम करणाऱ्यांसाठी राउटरचा पोर्ट बाहेर उघडू नका. खाजगी कोडचं दार रस्त्यावर उघडं ठेवल्यासारखं होतं ते. व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित खाजगी रस्ता, लावा. स्थिर सार्वजनिक आयपी असेल तर वायरगार्ड. अनेक इंटरनेटवाले तसा आयपी देतच नाहीत, तिथे टेलस्केल चालतं.

एचटीटीपीएससाठी पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवलात तर दोन ठिकाणी अडाल. एनजिनएक्स मुळात एक एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, त्यामुळे मोठं पॅकेज पब्लिश करताना ४१३ हा एरर येतो, ती मर्यादा वाढवा. आणि व्हर्डाचिओला 'पब्लिक यूआरएल' सांगा, नाहीतर पॅकेजच्या फायलींचे पत्ते चुकीचे तयार होतात. एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. सर्व्हर बाहेरून दिसत नसेल तर डीएनएस पद्धतीने घ्या आणि नूतनीकरण आपोआप होईल असं लावा.

लाईट आणि बॅकअप

पावसाळ्यात लाईट दिवसातून किती वेळा जाते ते इथल्यांना सांगायला नको. मशीन यूपीएसवर ठेवा. बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचं सेटिंग चालू करा. कंटेनरला 'अनलेस स्टॉप्ड' हे रीस्टार्ट धोरण द्या. हे तिन्ही केल्यापासून सकाळी येऊन बटण दाबायची वेळ आली नाही.

बॅकअपला तीन गोष्टी पुरतात: कॉन्फिग फोल्डर, एचटीपासवर्ड फाइल, आणि स्टोरेजमधला आपल्या स्कोपचा फोल्डर, त्याच्या शेजारी टिंबाने सुरू होणाऱ्या व्हर्डाचिओ-डीबी फायलीसकट. खाजगी पॅकेजेसची यादी त्या फायलीत असते आणि टिंबामुळे ती कॉपी करताना नजरेतून सुटते. बाहेरून आणलेली पॅकेजेस पुन्हा आणता येतात, पण जागा असेल तर तीही घ्या. आमचा बॅकअप रोज रात्री दुसऱ्या मशिनवर जातो आणि आठवड्याला एक एनक्रिप्ट केलेली प्रत शहापुरातल्या सहकाऱ्याच्या घरच्या डिस्कवर.

दर तीन महिन्यांनी तो बॅकअप एका रिकाम्या लॅपटॉपवर उलगडतो, तिथे व्हर्डाचिओ चालू करतो आणि रक्कम-अक्षरीची सगळ्यात जुनी आवृत्ती इन्स्टॉल करून १२५ तिन्ही भाषांत लिहून घेतो.